खंडेनवमीचा खडा

मित्रांनो, मी एक जुना खडा आहे. अंगठीत बसवतात तसला नव्हे. मला घालून कुणाचे ग्रह सुधारलेले नाहीत. रंग काळपट हिरवा, फुटक्या बाटलीच्या तळासारखा. आकार म्हणाल तर तुरीच्या दाण्याएवढा. एवढ्याशा देहावर माणसांनी इतका जीव लावला, माझ्यावरून इतके वाद घातले आणि नंतर ती मला इतकं निवांत विसरली, की बोलायला बसलं की आधी दम लागतो. तरी सांगतो. कपाटात दुसरं काम नाही.

माझा जन्म दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यातला. नारायणगावच्या बाजूला एक कॉलेज आहे. त्याच्या प्रयोगशाळेमागे पत्र्याची एक खोली आहे आणि त्या खोलीत तेव्हा एक भट्टी होती. भट्टीचे मालक दादाभाऊ सर. हे मूळचे तळेघरचे, डोंगरातले, आणि स्वभावानं फार सावध. खिशाला दोन पेनं लावायचे, एक चालणारं आणि एक न चालणारं. कुणी मागितलं की न चालणारं द्यायचे. माणसं असं का करतात याचा हिशेब मी पुष्कळ दिवस मांडत होतो. मग कळलं की चालणारं पेन परत येत नाही.

त्यांच्याकडे त्या वर्षी रत्ना आली. ती महाळुंगे पडवळची, सरांचीच जुनी विद्यार्थिनी, आणि आता पुण्याला पीएच.डी. करत होती. तिथल्या गाईडनी तिला सांगितलं होतं की खडे तुझे तू वाढव. पुण्यातल्या भट्टीपुढे रांग एवढी, की नंबर लागेपर्यंत हिचे केस पिकले असते. म्हणून प्लॅटिनमची एक वाटी उसनी घेऊन ती सरांच्या दारात उभी राहिली. रत्ना एकदा धरलेलं सोडणाऱ्यांतली नव्हती. तिचा दोष एकच. कुणी "हे कशाला गं?" असं विचारलं, की ती खरोखर उत्तर द्यायला लागायची. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, हे तिला कधी उमगलं नाही.

मित्रांनो, खडीसाखर कशी धरते ते तुम्ही पाहिलं असेल. गरम पाकात दोरा सोडायचा आणि पाक सावकाश निवू द्यायचा. माझंही तसंच झालं. माझा पाक साखरेचा नव्हता. लोखंडाचा गंज, टाकणखाराच्या कुळातली एक पूड आणि आणखी दोन-तीन महागड्या पुडी, एवढं सगळं लालभडक तापवून वितळवलं. मग भट्टीचा ताप दिवसाला जेमतेम एक अंश, असा उतरवायचा. घाई केली की खडा तडकतो, नाहीतर धरतच नाही.

पण सावकाश निवायचं म्हणजे वीज हवी, आणि त्या वर्षांत आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी यायची. चहा घेईपर्यंत थांबायची आणि निघायची. यावर सरांनी तोड काढली ती नारायणगावातच निघू शकते. इथं तमाशाचे फड आहेत. पावसाळ्यात फड बंद असतात, तंबू गुंडाळलेले असतात आणि त्यांचे जनरेटर नुसते उभे असतात. सरांनी एका फडाचा जनरेटर दसऱ्यापर्यंत मागून आणला. त्याच्याबरोबर संपत आला. बारा गावच्या जत्रांत रात्र रात्र जागून त्यानं तो जनरेटर सांभाळला होता. संपतचं काम सोपं होतं. वीज गेली की जनरेटर चालू करायचा आणि वीज आली की बंद करायचा. लावणीवर पोसलेल्या त्या यंत्रानं मला वाढवलं. त्याची धडधड ऐकत मी वाटीच्या तळाशी थर थर चढत गेलो.

आता माझ्या अंगातली खोड सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. माझ्या अंगाला पीळ आहे. माझे अणू एकावर एक सरळ रचलेले नाहीत, ते वळत वळत वर गेलेत. अशा खड्यांत काही उजव्या पिळाचे निपजतात, काही डाव्या. सर हे वर्गात भाताच्या पेंढ्याचा बंद घेऊन दाखवायचे. तळेघरला भात कापला की पेंढ्याचेच बंद वळून भारे बांधतात. सर तो बंद पोरांपुढे धरत. या टोकानं बघा, त्या टोकानं बघा, पीळ तोच. उलटा धरला म्हणून उजव्याचा डावा होत नाही. पोरं माना डोलवायची. त्यातल्या निम्म्यांचं लक्ष पेंढा सर घरून आणतात की रस्त्यात उपटतात याकडे असायचं.

दसरा जवळ आला आणि मी जवळजवळ तयार झालो. त्या दिवसांत रत्ना घरच्यांबरोबर नागपूरला गेली. विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचं हा त्यांच्या घरचा नेम, तो तिच्या आजोबांपासूनचा. सर तळेघरला गेले, भातावर पाखरं उतरली होती. मागे राहिलो मी, भट्टी आणि संपत.

दसऱ्याच्या आदला दिवस खंडेनवमीचा. संपतनं सकाळी जनरेटर धुतला, पुसला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडला. भट्टीच्या दारावरही कुंकवाचं एक बोट ओढलं. मग खोबऱ्याचा तुकडा चघळत बसला. दुपारी वीज गेली. संपतनं जनरेटरकडे पाहिलं. जनरेटर हार घालून बसला होता. वर्षभर राबलेल्याला वर्षातला एक दिवस मिळतो, त्या दिवशी त्याला उठवायचं? संपतनं नाही उठवलं.

मी आत गारठू लागलो. वीज आली ती दिवेलागणीला. भट्टीनं झालेली कसर भरून काढायला असा जोर केला, की ताप व्हायला हवा त्याच्या वर गेला आणि माझा वरचा भाग पुन्हा विरघळला. मग भट्टी ताळ्यावर आली आणि मी पुन्हा धरू लागलो. पण या खेपेला माझा पीळ उलटा पडला. खालचा अर्धा उजवा, वरचा अर्धा डावा. बाहेरून काही दिसत नव्हतं. मला कळत होतं, पण खड्याला कोण विचारतो?

सर परत आले तेव्हा त्यांनी दारातूनच भट्टी नीट आहे ना, असं विचारलं. संपत म्हणाला, एकदम नीट, पूजाबी केली. सर खूश झाले. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. त्या वाटीतून निघालेल्या खड्यांत मी सगळ्यांत थोरला आणि देखणा. रत्नानं मला कापसात गुंडाळून कॅमेऱ्याच्या रिळाच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि पुण्याला नेलं. तिथं माझ्या एका कोपऱ्याचा कण काढून त्यावर साधे क्ष-किरण सोडले. उजवा पीळ, असा शेरा मिळाला. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. शीत खालच्या बाजूचं होतं.

रत्नाचा सगळा प्रबंध एका प्रश्नावर उभा होता, तो असा. माझ्यातला लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकलं होकायंत्र. एरवी ती सगळी बाजारच्या गर्दीसारखी वाटेल तिकडे तोंड करून असतात. पण मला बर्फापेक्षाही कितीतरी गार केलं, की ती शिस्तीत येतात आणि थराथरानं जराशी वळत जातात. म्हणजे देहाच्या पिळात आणखी एक चुंबकाचा पीळ येतो. देह उजवा असेल तर चुंबकही उजवाच वळतो का, की तो आपल्या मर्जीचा? रत्ना म्हणायची, चुंबक देहाचं ऐकतो. गाईड म्हणायचे, दाखव.

दाखवायला खास क्ष-किरण लागतात. दवाखान्यात मोडलेलं हाड दाखवणारे ते नव्हेत. या किरणांनाच पीळ देता येतो, हवा तर उजवा, हवा तर डावा. नट आणि बोल्टचे आटे जुळले की जसा नट बसतो, तसा माझा पीळ आणि किरणाचा पीळ यांचं जुळलं की माझ्यावरून जास्त किरण उसळतात, नाही जुळलं की कमी. दोन्ही वेळचं मोजायचं आणि फरक बघायचा. असे किरण काढणारं यंत्र जपानात होतं, एखाद्या गावाला वळसा घालेल एवढ्या घेराचं. तिथं अर्ज करून वेळ मिळवावा लागतो. रत्नाला दोन हजार सहा साली तो मिळाला.

तिथं मी जो गारठलो तो गारठलो. गार करायचे, मोजायचे, पुन्हा उबेत आणायचे, पुन्हा गार. ऊब आली की माझी होकायंत्रं सगळं विसरायची आणि गारठ्यात पुन्हा पहिल्यासारखी वळायची. किरण उजवा आला, मी उत्तर दिलं. किरण डावा आला, मी उत्तर दिलं. दोन्ही उत्तरं सारखीच. फरक शून्य. पुन्हा पुन्हा शून्य.

मित्रांनो, मी खोटं बोलत नव्हतो. किरणांचा झोत माझ्याइतकाच रुंद होता. एकाच वेळी माझा उजवा अर्धा "हो" म्हणायचा आणि डावा अर्धा "नाही". जमा आणि खर्च सारखे निघाले म्हणजे व्यवहारच झाला नाही, असं कुणी म्हणेल का? पण तिथं सगळ्यांनी तेच म्हटलं.

पुण्यात परतल्यावर गाईड रागावले नाहीत. ते नुसते मृदू बोलले, आणि ते जास्त वाईट असतं. तुमच्या गावच्या खड्याला पीळच दिसत नाही, तेव्हा हे प्रकरण काढून टाकू आणि उरलेलं नेटकं करू, असं त्यांनी सुचवलं. पुन्हा वेळ मागायचा असेल तर यंत्रवाल्यांची एक अट होती. पहिल्यांदा शून्य का आलं ते सांगा, मग पुढचं बोलू. रत्नाची शिष्यवृत्ती संपत आली होती. प्रकरण काढलं असतं तर प्रबंध झाला असता, पण त्यात तिचा स्वतःचा प्रश्न राहिला नसता. दुसऱ्याचं नेटकं काम आपल्या नावानं बांधून घ्यायचं, एवढंच उरलं असतं.

मी डबीत होतो. ती रात्री डबी उघडायची, माझ्याकडे बघायची आणि बंद करायची. मला तेव्हा पहिल्यांदा थकल्यासारखं झालं. गारठ्यानं नाही. आपल्याजवळ उत्तर आहे आणि ते मागणाऱ्याला देता येत नाही, यानं.

गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात ती सरांकडे आली. सरांना वाटलं ही आपल्या भट्टीला बोल लावायला आली. त्यांनी चहा सांगितला, पण खुर्ची सरकवून दिली नाही.

"माझी भट्टी एक दिवस हलली नाही," सर म्हणाले.

"सर, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही."

"मग काय म्हणतेस?"

"कुणीतरी काहीतरी सांगायचं राहिलंय, असं म्हणते."

सर बराच वेळ खिशातलं पेन काढत आणि लावत बसले. मग म्हणाले, दसऱ्याच्या वेळी आपण दोघं तर नव्हतोच. होता तो संपत.

पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी जत्रेचा तमाशा ठरवायला येतात, आणि गुलाल न लागलेला माणूस तिथं सापडत नाही. संपत एका राहुटीमागे जनरेटरचं तेल बदलत होता. रत्नाला आणि सरांना पाहून त्यानं हात पुसले आणि चहा सांगितला. तिनं डबी उघडून मला दाखवलं. एवढ्यासाठी आपण चार महिने जागलो होतो, हे पाहून त्याचा चेहरा पडला. नारळाएवढा तरी असेल असं त्याला वाटलं होतं.

रत्नानं विचारलं की शेवटच्या दिवसांत काही घडलं होतं का. संपत म्हणाला, काय बी न्हाई. वीज जायची का? जायची की. दर वेळी जनरेटर लावलात? लावला की.

"प्रत्येक दिवशी?"

"नवमी सोडून," संपत म्हणाला.

सरांनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला. रत्ना हळू आवाजात म्हणाली, "नवमीला काय झालं?"

"काय व्हयाचं? सणाला मशीन चालवायची नसती, ताई. माझ्या बापानं कधी चालवली न्हाई, मी बी न्हाई. हार घातला व्हता तिला. तुमी काय, देवाला उठवून दळण दळाय लावता का?"

"अरे, मग मला सांगायचं नाही का?" सर म्हणाले.

"आता तुमी तळेघरचं, देवाधर्माचं माणूस. नवमीला मशीन बंद असती, ही काय सांगायची गोष्ट हाय का राव? मी म्हणालो की पूजा केली म्हणून."

नवमीला सरांच्या स्वतःच्या घरी नांगर आणि कोयते हारात बसलेले असतात आणि कुणी भाताला कोयता लावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. फक्त भट्टीलाही तो सण असतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. रत्नालाही हळदकुंकवापर्यंतचं माहीत होतं. त्यांच्या घरात ही पूजा तिच्या जन्माआधीच सुटलेली, त्यामुळे यंत्राला त्या दिवशी सुट्टी असते हे तिला कोण सांगणार?

संपतला वाटलं आता बोलणी खावी लागणार. रत्नानं मला बोटांच्या चिमटीत धरलं आणि उन्हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, जणू शिवण शोधत होती. शिवण दिसणारी नव्हतीच. पण ती हसली. गेल्या कितीतरी महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"किती वेळ बंद होती, संपतभाऊ?"

"दुपारी गेली ती दिवं लागल्याव आली. बिघडला का खडा?"

"बिघडला असेल," ती म्हणाली. "तेच बघायचंय."

तिनं यंत्रवाल्यांना शून्याचं कारण कळवलं. खडा मधेच पुन्हा धरलेला असावा, त्यात दोन्ही पीळ असावेत, तेव्हा झोत अरुंद करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजू द्यावं. वीज गेली होती एवढं तिनं लिहिलं. जनरेटर का लावला नाही, हे जपानी भाषेत कसं सांगायचं ते तिला सुचलं नसावं. वेळ मिळाला, दोन हजार आठ साली, आणि तोही जेमतेम.

पुन्हा तोच गारठा. या वेळी किरणांचा झोत केसासारखा बारीक होता. खालच्या टोकाला लावला आणि फरक दिसला, उजवा. जरा वर सरकवला, उजवा. मधे आल्यावर फरक बारीक होत होत नाहीसा झाला. झोत आणखी वर सरकला आणि फरक पुन्हा उगवला, पण उलट्या बाजूला. डावा. जिथं माझा देह उलटला होता, नेमका तिथंच माझा चुंबकही उलटला होता. नवमीला दुपारी वीज गेली होती त्या जागी. चुंबक देहाचं ऐकतो. एकाच खड्यानं दोन्ही बाजूंनी साक्ष दिली होती. सगळा उजवा निघालो असतो तर लोक म्हणाले असते, असेल योगायोग.

शेजारचा जपानी मुलगा टाळ्या वाजवत होता. रत्ना मात्र खाली बसली, पाठ भिंतीला लावून, आणि किती तरी वेळ उठलीच नाही. जिंकलेली माणसं अशी दिसतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं ही माझ्यासारखीच थकली.

तिनं सरांना फोन लावला. सर तळेघरला होते, फोन वाण्याच्या दुकानात, आवाज तुटक.

"सर, दोन्ही पीळ आहेत. चुंबकालाही."

मग सर म्हणाले, "संपतला कळव. मला आता खाली यायला एसटी नाही."

प्रबंध झाला. त्याच्या पहिल्या पानांवर आभार असतात. तिथं रत्नानं गाईडचं, सरांचं आणि त्यांच्याखाली संपतचं नाव घातलं, "खंडेनवमीला यंत्र बंद ठेवल्याबद्दल". गाईड म्हणाले, हे विनोदी वाटतं. रत्ना म्हणाली, वाटू दे. संपतला ते पान वाचून दाखवलं तेव्हा त्यानं दोनदा ऐकलं, मान हलवली आणि त्याला पडलेला एकच प्रश्न विचारला.

"मंग फुडच्या नवमीला चालू ठेवू का बंद?"



ते ठरवायची वेळ पुन्हा आली नाही. सर निवृत्त झाले. भट्टीची तार जळाली, ती कुणी बदलली नाही, आणि आता तिच्यात जुने पडदे ठेवतात. फड मोडला, जनरेटर विकला गेला. रत्नाला लांब बंगळूरला नोकरी लागली. जाताना तिनं मला कॉलेजला देऊन टाकलं, पोरांना दाखवा म्हणून. पोरांना एकदा दाखवलं. एका पोरानं विचारलं, याची किंमत किती? नाही सांगता येणार म्हटल्यावर बाकीच्यांचं लक्ष उडालं. तेव्हापासून मी कपाटात आहे, डांबरगोळ्यांच्या शेजारी. डबीवरची चिठ्ठी वाळवीनं अर्धी खाल्ली. नेमकी कुठली अर्धी, ते तुम्ही ओळखलं असेल. नाव गेलं, "हात लावू नये" तेवढं राहिलं. त्याप्रमाणे कुणी हात लावत नाही.

मित्रांनो, मला तक्रार करायची नाही. इतकी वर्षं तापलो, गारठलो, मोजला गेलो, मला विसावा हवाच होता. फक्त विसावा आणि विसर यांत जो फरक असतो, तो कपाट लावणाऱ्यांना कळत नाही. विसाव्याच्या दिवशी कुणीतरी आधी पुसतं, हार घालतं, जवळ बसतं. ते संपतला कळत होतं.

म्हणून मागणं एवढंच. एखाद्याची बेरीज शून्य आली तर त्याला टाकण्याआधी जरा बारीक झोतानं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. आणि जे तुमच्यासाठी राबलं, ते थांबलं की त्याच्याशेजारी घटकाभर बसा.

गेल्या नवमीला कपाट उघडलं. रत्ना सुट्टीवर आली होती. ती पूजा करत नाही, तिनं केलीही नाही. तिनं डबी उघडली, धूळ फुंकली आणि मला तळहातावर घेतलं. माझ्या अंगावर सवयीनं काटा आला, आता पुन्हा गारठा, पुन्हा उजवा, पुन्हा डावा. पण तिचा हात गरम होता. शिपायानं विचारलं, मॅडम, काय मोजायचंय का?

"नाही," ती म्हणाली. "आज नवमी आहे."